फुकटचे मासे

एप्रिलच्या सुरुवातीला नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत टाकी लावणारा, म्हणजे गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करणारा, आला. सायकलच्या हॅन्डलला कापडी पिशवी, कॅरिअरवर गोणपाटाची घडी आणि ती लांबवलेली हाक: ‘टाकीऽऽ, पाट्याले टाकीऽऽ!’ वर्षाचं तिखट-मसाला करायचे दिवस, त्यामुळे तीन घरांचे पाटे बाहेर आले. पहिला पाटा त्यानं कडेवर उभा केला, हातोडीनं दोन ठिकाणी हलकेच वाजवला आणि परत आडवा ठेवला. ‘हा नाही होत, माय. बद्द बोलून राहिला. टाकी लावली का दोन तुकडे होतीन.’ मालकीण चिडली, कारण डोळ्यांना तडा काही दिसतच नव्हता. मग त्यानं तांब्याभर पाणी मागून पाट्यावर ओतलं, फडक्यानं पुसलं आणि बिडी पेटवून गप्प बसला. उन्हात पाटा भराभर वाळला, पण मधोमध केसाएवढी एक काळी रेघ ओलीच राहिली. दुसऱ्या पाट्यावर तो पाऊण तास बसला. काम संपल्यावर वरच्या कडेला, जिथे वरवंटा कधी पोचतच नाही, तिथे त्यानं कुणी न सांगता दोन मासे काढले. बोटभर लांब, एकमेकांकडे तोंड केलेले. खवल्यांचे पाच-सहा ठोके, डोळ्याचा एक. त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. ‘मासे काहून काढले, भाऊ?’ असं बाईंनी विचारलं, तेव्हा पिशवी आवरता आवरता तो म्हणाला, ‘जागा होती.’

जागा होती.

शिल्पकाराला प्रेरणेबद्दल विचारलं की निसर्ग, परंपरा, गुरू, आईचे हात अशी बरीच उत्तरं मिळतात. ती खोटी असतात असं नाही, पण ती कोणत्याही कलेला चालतात, गायकालाही, चित्रकारालाही. ‘जागा होती’ हे उत्तर मात्र दगडाचं आहे. दगडात काही वाढवता येत नाही. माती कमी पडली तर थापता येते, रंग चुकला तर वरून दुसरा देता येतो. दगडात जे आहे त्यातूनच काढायचं, आणि काढलेलं परत चिकटत नाही. त्यामुळे हातोडी धरणाऱ्याचं डोकं सतत एकाच हिशेबात असतं: आता किती उरलं आणि उरलेल्यात काय मावतं. त्या माशांचा जन्म त्या हिशेबातला. पाट्याची वरची दोन बोटं कामाची नसतात, तिथे टाकी लावून उपयोग नाही. पण कोरं सोडवत नाही.

टाकी लावणं हे दिसायला नुसतं ठोकत बसणं वाटतं, म्हणून लोक भावाची घासाघीस करतात. मुळात पाटा हवा घट्ट काळ्या दगडाचा. ज्यात पांढरे ठिपके दिसतात तो दगड पाट्याला घेऊ नये, कारण ते ठिपके म्हणजे जुन्या लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत भरलेली मऊ खनिजं, वर्षभरात सुटून मसाल्यात येतात. अठरा इंच लांब, दहा रुंद आणि तीन जाड असा पाटा पंचवीस किलोच्या आसपास भरतो. हलका लागला तर दगड सच्छिद्र समजावा. टाकी लावताना सुरुवात कडेपासून दोन बोटं आत. ठोका नेहमी कडेकडून आतल्या बाजूला; बाहेरच्या बाजूला मारला की कोर उडते आणि पाटा जन्माचा बोथट दिसतो. ठोके वरवंट्याच्या चालीला आडवे, दोन ठोक्यांत ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर, खोली जेमतेम एक मिलिमीटर. नवशिका हौसेनं खोल मारतो. खोल खड्ड्यात ओलं खोबरं आणि लसूण जाऊन बसतो, धुऊन निघत नाही, दुसऱ्या दिवशी वास मारतो. सावजीचा मसाला ज्यांच्या घरी अजून पाट्यावर होतो, त्या बाया पाट्यावर तळवा फिरवून ठोका खोल की उथळ ते सांगतात. वरवंट्यालाही टाकी लागते, पण निम्म्या जोरानं, आणि त्याच्या दोन टोकांना अजिबात नाही. काम झाल्यावर पाटा धुऊन त्यावर जाडं मीठ वाटून टाकायचं, मग मूठभर तांदूळ, तेही टाकायचे. हे दोन घाणे वाचवले की पहिल्या रश्शात दाताखाली कचकच येते आणि शिव्या मात्र टाकी लावणाऱ्याला बसतात.

आणि टाकी म्हणजे ती छिन्नीसुद्धा. तिचं टोक तासाभराच्या कामात काळ्या दगडावर बसतं, म्हणून पिशवीत आठ-दहा असतात. टोक पुन्हा काढायचं तर भट्टी हवी. लोखंड पिकल्या जांभळासारखं गडद असताना ठोकलं तर आतून चिरतं. लाल रंग चांगला उजळला की ठोकायचं, टोक काढायचं आणि मग पाणी पाजायचं. पाणी पाजणं ही या धंद्यातली खरी विद्या. लाल झालेलं टोक फक्त बोटाच्या एका पेराएवढं पाण्यात धरायचं, उचलायचं, वाळूवर किंवा विटेवर घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या गरम अंगातून उष्णता टोकाकडे सरकते आणि लोखंडावर रंग चालत येतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा टोकाला पोचला की पूर्ण बुडवायचं. आधी बुडवलं तर टोक काचेसारखं फुटतं आणि डोळ्यात जातं. निळा होऊ दिला तर पहिल्याच ठोक्याला वाकतं. हे सगळं दहा-बारा सेकंदांत. म्हणूनच जुने लोक भट्टी सावलीत लावत. उन्हात रंग दिसत नाहीत. हल्ली कार्बाइडचं टोक बसवलेली तयार छिन्नी मिळते, ती महिनोन्‌महिने चालते. रंग बघायची गरज संपली, त्यामुळे बघता येणारेही कमी झाले. यात हळहळण्यासारखं काही आहे का, हे मला ठरवता येत नाही. कार्बाइडनं मनगट वाचतं, हे नक्की.

नागपूरचं एक बरं आहे, की हे शहर दोन दगडांच्या शिवेवर बसलंय. पश्चिमेकडे काळा दगड, सीताबर्डीची टेकडी त्याचीच. ईशान्येला कन्हानकडे सरकलं की कामठी, सिलेवाडा, तिथला वालुकाश्म. तो इतका नमुनेदार, की भूगर्भशास्त्रात त्या थरालाच ‘कामठी’ म्हणतात. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपण रोज बघतो ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच दगडांतून झाडापानांचे जीवाश्म गोळा करत. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले आणि परतताना ओढ्याच्या पुरात बुडाले. शिळावर्तुळं म्हणजे मेलेल्यांसाठी मांडलेले धोंड्यांचे गोल. काटोल रस्त्यावर जुनापाणीला ती तीनशेच्या घरात आहेत, आणि त्यांतल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे आहेत, रांगेत कोरलेले. नागपुरातलं हे आपल्याला माहीत असलेलं सर्वांत जुनं दगडकाम म्हणावं लागेल. कुणी त्यात आकाशाच्या दिशा शोधतं, कुणी मोजणी. धोंड्याजवळ उकिडवं बसून बघितलं तर एवढं नक्की कळतं, की कोरणाऱ्यानं काळ्या धोंड्याची सपाट बाजू निवडली, रांग सरळ ठेवली आणि एक खळगा दुसऱ्यावर चढू दिला नाही. त्या लोकांकडे लोखंड होतं. माहूरझरीच्या अशाच दफनांत लोखंडी छिन्न्या निघाल्या, आणि पेंचकाठच्या नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. म्हणजे पाणी पाजताना पिवळा रंग कधी थांबवायचा, हा प्रश्न इथे तेव्हाचाच.

काळ्या दगडावर मूर्ती करणारा आणि वालुकाश्मावर करणारा यांच्या हाताची ठेवणच वेगळी होते. काळा दगड दाणा घट्ट म्हणून बारीक काम धरतो, पण टाकी जवळजवळ उभी धरावी लागते, आणि उभ्या ठोक्यानं दगड आत चेचला जातो. वरून काही दिसत नाही. शेवटी घिसाई करून पॉलिश आणलं की गालावर पांढरट डाग उमटतात. तेव्हा इलाज नसतो, अख्खा गाल तेवढा खाली घ्यावा लागतो आणि चेहरा एका बाजूनं सुकल्यासारखा होतो. म्हणून शेवटचा पाव इंच आडव्या, हलक्या हातानंच काढायचा. वालुकाश्माचं उलट. टाकी कलती धरली की तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. खाणीतून ताजा काढलेला असताना अंगात पाणी असतं, तेव्हा तो मऊ. वाळला की कडक होतो. त्यामुळे ढोबळ काम पहिल्या काही आठवड्यांत उरकलेलं बरं. पण त्याचे थर कोणत्या बाजूला आहेत हे पहिल्या दिवशी बघितलं नाही तर पुढचं सगळं वाया. नदीत ज्या अंगानं तो निजला होता त्याच अंगानं मूर्तीत निजला पाहिजे. थर उभे करून चेहरा काढला, की दहा-पंधरा पावसाळ्यांत चेहरा पोपडा होऊन गळून पडतो. आत दुसरा चेहरा नसतो. शिवाय कामठीच्या दगडात मधूनच गारगोट्यांची ओळ येते. टाकी गारगोटीवर बसली की ती गारगोटी अख्खी उडते आणि बोराएवढा खळगा राहतो. ओठावर राहिला तर?

तर ओठ हलवायचा. अक्षरशः. चेहरा अर्धा इंच आत न्यायचा किंवा मान थोडी वळवायची. बघणाऱ्याला वाटतं, काय गोड मान कलवली आहे. रामटेकच्या गडावर चढून केवल नरसिंहासमोर उभं राहिलं की हे आठवतं. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, फाडाफाड नाही, नुसता बसलेला, बसका, रुंद खांद्यांचा देव. हा वाकाटकांचा पाचव्या शतकातला हात. त्या कारागिरानं असं का केलं याची कारणं इतिहासवाले धर्मात शोधतात, आणि ती तिथे असतीलही. पण हातोडी धरणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर मूर्तीत कुठे काही सुटं, लोंबतं, पातळ नाही. हात अंगाला धरून, मान खांद्यात रुतलेली. या दगडाला काय झेपतं ते ओळखून बसवलेला देव आहे. मनसरला सापडलेला आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलेला तो बुटका, गोलमटोल शिवही त्याच घरचा. आणि गडावरचा वराह तर बघाच. चार पायांवर उभा, पोटाखालून माणूस सरपटत जातो. पापी असेल तो अडकतो म्हणतात. दगडात जनावर उभं करणं म्हणजे पोटाचं सगळं वजन चार पायांवर सोडणं. नंदी बहुतेक ठिकाणी बसलेला का असतो, याचं अर्धं उत्तर यातच आहे. इथल्या कारागिरानं ती जोखीम घेतली, पण पाय खांबांसारखे जाड ठेवले. लोक पोटाखालच्या त्या जागेला पुण्य-पाप जोडून मोकळे झाले. ती पोकळी पोखरून काढायला किती दिवस लागले असतील ते वराहालाच ठाऊक.

मोजमाप मात्र मनचं नसतं. हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत चेहरा म्हणजे एक ताल, त्याची बारा अंगुळं. देवाची मूर्ती नवताल, म्हणजे १०८ अंगुळं. गणपती पंचताल, म्हणूनच तो बाळसेदार. धोंडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, चौकोनी करून घ्यायचा, समोरच्या आणि बाजूच्या अंगावर गेरूनं आकृती काढायची, मधून सूत धरायचं. मग सगळ्यांत पुढे येणारी टोकं आधी: नाकाचा शेंडा, गुडघे, पुढचा हात. तिथून मागे सरकायचं, सगळ्या अंगांनी सारखं. एकच कान आधी पुरा करून बसणारा शिकाऊ ओळखू येतो. नंतर डोकं त्या कानाभोवती जमवत बसतो. नाक ठरल्यापेक्षा जाडच ठेवायचं, डोळे लहानच. नाक पुढे कमी करता येतं, डोळा पुढे मोठा करता येतो, उलट होत नाही. अभय मुद्रेतला हात पुढे येतो, तर बोटांच्या मागे आणि मनगटापासून छातीपर्यंत दगडाचा पडदा शेवटपर्यंत तसाच ठेवायचा. तो काढायचा दिवस म्हणजे कारखान्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. बाबासाहेबांचा बोट दाखवणारा पुतळा धातूचा किंवा फायबरचा का असतो, हे आता सांगायला नको. संगमरवराचा एक घनफूट पंचाहत्तर किलोच्या आसपास भरतो. त्या एका बोटासाठी अख्खा धोंडा तेवढा लांब घ्यायचा आणि त्यातला बहुतेक भाग चुरा करून फेकायचा. दगडातले बाबासाहेब ग्रंथ छातीशी धरतात, आणि दगडाला तेच मानवतं.

दीक्षाभूमीच्या स्तूपाला धोलपूरचा दगड आहे. त्याच्या तोरणांवरची चक्रं, हत्ती, घोडे पाहिले की सांची डोळ्यांसमोर येते, तशी ती यावी हाच हेतू आहे. आता गंमत बघा. सांचीच्या दगडी कठड्यात उभे खांब, त्यांत भोकं पाडून आडव्या घुसवलेल्या भिंगासारख्या पट्ट्या, वर आडवी तुळई. ही सगळी सुताराची जोडणी आहे, लाकडाची. दगडाला तसल्या सांध्याची काही गरज नव्हती. आणि तिथल्या दक्षिण तोरणावर लेखच आहे, की हे रूपकर्म विदिशेच्या दंतकारांनी केलं. म्हणजे हस्तिदंत कोरणाऱ्यांनी! त्या तोरणावरची बारीक दाटी, तसूभर जागा न सोडणं, हे हस्तिदंताच्या तुकड्यावर हात बसलेल्या माणसाचं आहे. एवढासा महाग तुकडा, त्यात कोरं सोडणं परवडणारच नाही. आपल्या वैनगंगेकाठी पवनीला १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाचे खांब मिळाले, त्यांतल्या एकावर बुद्धाला पावसापासून झाकणारा मुचलिंद नाग फणा उभारून आहे, शेजारी त्याचं नाव कोरलेलं. खांब अरुंद आणि उंच, त्यावर नागासारखं दुसरं काय बसणार? लाकडाकडून दगडाला, हस्तिदंतावरून तोरणाला, सांचीहून नागपूरला असा हा माल हातोहात आला आहे. ‘मूळ कल्पना कुणाची’ हा प्रश्न या धंद्यात कुणी विचारत नाही. ‘दगड कुठचा’ हा विचारतात.

आणि उजेड. महालातल्या भोसलेकालीन रुक्मिणी मंदिराचं कोरीवकाम मे महिन्यात दुपारी बाराला बघायला जाऊ नये. ऊन डोक्यावरून पडतं आणि सगळं सपाट, भाजलेलं दिसतं. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जा. तिरप्या उन्हात एकेक पाकळी सावली टाकायला लागते आणि भिंत हलते. कोरणारा दगड काढत नसतो, सावलीला बसायला जागा करत असतो. म्हणून बाहेरच्या भिंतीवर उथळ पण धारदार काठ चालतो, उन्ह बाकीचं काम करतं. गाभाऱ्यात समईच्या उजेडात तो काठ मरतो, तिथे मोठे, गोल, फुगीर आकार लागतात. बाहेरची मूर्ती आत नेऊन ठेवली की ‘काहीतरी बिनसलं’ असं वाटतं ते यामुळेच. जयपूरहून तयार येणाऱ्या पांढऱ्या मूर्ती ट्यूबलाइटखाली कोरलेल्या असतात आणि ट्यूबलाइटखालीच बऱ्या दिसतात, असं माझं मत आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

धुळीबद्दल थोडं लिहायलाच हवं. वालुकाश्म म्हणजे बहुतेक गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, चुरा, आणि ग्राइंडरनं उडणारी त्याची पिठासारखी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या रोगावर उतारा नाही. हातातल्या टाकीनं खपल्या उडतात, ग्राइंडरनं धूर होतो. चकतीवर पाण्याची धार सोडली तर बरंचसं वाचतं, पण मग गेरूच्या रेघा धुऊन जातात म्हणून कारागीर कोरडंच चालवतो आणि तोंडाला दुपट्टा बांधतो. दुपट्ट्यानं ती धूळ थांबत नाही. काळ्या दगडात गार जवळजवळ नसते. टाकी लावणारा त्या बाबतीत नशिबाचा, बाकी कशात नसला तरी.

त्या दिवशी तिसरा पाटाही होता. जुना, सासूच्या सासूचा, मधोमध वरवंटा फिरून तसराळ्यासारखा खोलगट झालेला. त्याच्या वरच्या कडेला आधीच दोन मासे होते, दुसऱ्या कुणाचे. वाटण निपटून घेणारा हात रोज त्या कडेवरून फिरतो, त्यामुळे खवले पार पुसटले होते आणि डोळे गेले होते. ‘हे तुमच्यातल्याच कोणाचे का?’ असं बाईंनी विचारलं. ‘काय मालूम, माय. मासा जाडा आहे. आमचा बारीक राहते.’ त्यानं मधला सगळा खोलगट भाग ठोकून काढला, कडेच्या माशांपासून दोन बोटं अंतर ठेवून. खवल्यांना हात लावला नाही. पिशवी भरायच्या आधी मात्र सगळ्यांत बारीक टाकी काढली, फुंकर मारून कड साफ केली आणि एका माशाच्या डोळ्याच्या जागी एक ठोका दिला. मग पाटा फिरवून दुसऱ्याच्या.